काकी उपलब्ध आहे

माझा स्वभाव मुळात संशोधकाचा आहे. (हे माझं मत. आमच्या सौभाग्यवती बेबीबाई यांचं मत वेगळं आहे, पण ते छापण्याजोगं नाही.) त्यामुळे त्या वर्षी भाद्रपदात मी जेव्हा ठरवलं, की राजमतीकाकी जागेवर आहे की नाही, आणि विचारल्यावर किती वेळात उत्तर देते, यावर नजर ठेवणारं एखादं साधन घरात बसवायचं, तेव्हा मला ती गोष्ट अगदी किरकोळ वाटली. साधन निवडायचं, भिंतीला ठोकायचं आणि मोकळं व्हायचं. त्यापायी माझ्या सख्ख्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ येईल, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. आईवडील आणि काका तिघंही लवकर गेले, तेव्हा मला आणि धाकट्या बहिणीला, त्रिशलाला, तिनंच वाढवलं. वय सदुसष्ट, शिक्षण मराठी तिसरी. पण कारंज्यापासून मालेगावपर्यंत आणि मंगरूळपीरपासून वाशीमपर्यंत आमच्या जैन समाजाची जेवढी घरं आहेत, तेवढी सगळी तिच्या डोक्यात मांडून ठेवलेली. कोण कुणाचा भाचा, कुणाची आजी कुठल्या घरातून आली, कुणाच्या आईचं गोत्र कोणतं, सगळं. आमच्यात सोयरीक जुळवताना मुलाकडची चार आणि मुलीकडची चार अशी आठ गोत्रं बघतात. स्वतःचं, आईचं, आजीचं आणि आईच्या आईचं. आठांत एक जरी सारखं निघालं, की स्थळ बाद. मग मुलगा कितीही शिकलेला असो आणि मुलगी कितीही देखणी असो.

त्यामुळे लोक एस.टी.नं येत, ओसरीवर टेकत आणि विचारत, "काकी, अमक्याच्या पोराले तमक्याची पोरगी चालते काय?" काकी तांदूळ निवडता निवडता आधी उलटे दोन प्रश्न विचारी, "कोनता पोरगा? थोरला का धाकटा?" मग जराशी थांबे, आणि सांगे, "चालते." किंवा, "नाई चालत. पोराच्या आजीचं माहेर पाहा." एवढ्यावर विषय संपे. तिनं स्वतःच्या माहेरची दोन स्थळं तोंडावर मोडली होती, म्हणून तिच्या शब्दाला तीन तालुक्यांत अपील नव्हतं.

अडचण एकच होती. काकी हवी तेव्हा सापडत नसे. सकाळी मंदिर, मग पूजा, दुपारी सामायिक. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं डोळे मिटून बसणं. त्या वेळात घराला आग लागली तरी ती बोलणार नाही, आग विझवणाऱ्यांनी आपलं आपण बघावं. त्यानंतर थोडी झोप. तोवर आलेली मंडळी ओसरीवर बसून राहत, बेबी चहा करत राही, आणि चहाच्या नादात एस.टी. चुकली की तीच मंडळी जेवायलाही थांबत.

हे असंच चालू राहिलं असतं, पण माझ्या मालकांनी मला नागपूरला पाठवलं. मी एका जिनिंग फॅक्टरीत कारकून. पावसाळ्यात कापूस नसतो, फॅक्टरी बंद असते आणि मी टेबलावर बसून माशा मारत असतो. ते मालकांना बघवेना. त्यांनी मला दप्तर नीट कसं ठेवावं याच्या तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं. तिथं एका मोठ्या कचेरीत आम्हांला कॉम्प्युटर दाखवला. म्हणजे दाखवणार होते. खोलीच्या दारावर दोन दिवे होते, हिरवा आणि लाल. हिरवा लागला तर यंत्र चालू, लाल लागला तर बंद. तीनपैकी दोन दिवस लालच होता.

टायवाले एक साहेब म्हणाले, "यंत्राच्या पोटातल्या माहितीला आम्ही डेटाबेस म्हणतो. माहिती भरणं सोपं असतं. पण ती विचाराल तेव्हा हजर आहे का, आणि उत्तर द्यायला किती वेळ लावते, यावर पहारा ठेवणारं साधन निवडणं हीच खरी कला!"

सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी मात्र त्या लाल दिव्याकडे बघत राहिलो. बंद आहे म्हटल्यावर लोक दारातून मुकाट्यानं परत जात होते. कुणी चहा मागत नव्हतं. मला माझं घर आठवलं आणि अंगावर काटा आला. असा डेटाबेस तर आमच्या ओसरीवर गादी टाकून बसलेला आहे!

घरी येऊन मी ही कल्पना बेबीला समजावून सांगितली.

"काकी काय पान्याची मोटार हाये?" बेबी म्हणाली. "हाये का नाई हे पाह्याचं असन तं आतमंदी मुंडकं घालून पाहा ना!"

(खरं म्हणजे हेही एक साधन होतं. फुकट होतं, आणि लाइट गेली तरी चालणारं होतं. पण नागपूरला जाऊन आलेल्या माणसाला ते पटणं शक्य नव्हतं.)

मी फॅक्टरीच्या छापील फॉर्मवर तीन साधनांची नावं लिहिली आणि पुढं गुणांचे रकाने आखले. पहिलं साधन पाटी, दुसरं घंटी, तिसरं दिवे. प्रत्येकाची रीतसर चाचणी घ्यायची आणि मगच निवड करायची असं ठरवलं.

पाटीची चाचणी सोमवारी झाली. मी खडूनं सुवाच्य अक्षरांत लिहिलं, "काकी उपलब्ध आहे", आणि पाटी दाराबाहेर टांगून फॅक्टरीत गेलो. मी विसरलो होतो की कारंजा हे बाजाराचं गाव आहे. इथं सरकी उपलब्ध असते, जनावरांना घालायची ढेप उपलब्ध असते, आणि ज्या दुकानावर तशी पाटी असते तिथं माणूस पायरी चढून भाव विचारतो. संध्याकाळपर्यंत चारजण पायरी चढले. त्यांतला एक तर खेड्यातून बैलगाडी घेऊन आला होता. त्यानं काकीलाच विचारलं, "हे काकी म्हनजे काय असते बाई? बैलाले चालते काय?"

काकीनं त्याला पाणी दिलं, बैलांना पेंडी टाकली आणि पाटी स्वतःच्या हातानं पुसली. मी पाटीपुढच्या रकान्यात शून्य मांडलं.

मंगळवारी घंटी. दारावर दोरी आणि काकीच्या गादीपाशी पितळी घंटी. आल्यागेल्यानं दोरी ओढायची, घंटी ऐकून काकीनं "हो" म्हणायचं. यात चूक होण्यासारखं काही होतं का, तुम्हीच सांगा. पण घंटी वाजली की काकीचे हात आपोआप जुळत, डोळे मिटत आणि ती स्तोत्र म्हणू लागे. साठ वर्षांची सवय ती! एक स्तोत्र म्हणजे दहा मिनिटं. म्हणजे काकी मोकळी बसलेली असली तरी ती मोकळी आहे का हे विचारताक्षणी दहा मिनिटं बंद पडायची. दुपारी मालेगावच्या एका गृहस्थानं धीर सोडून तीनदा घंटी वाजवली. काकीनं तीन स्तोत्रं म्हटली, तो उरलेल्या वेळात बेबीच्या हातचे पोहे खाऊन गेला.

उरले दिवे. त्यासाठी मी उदयसिंगला बोलावलं. उदयसिंग मोटारींचं वायंडिंग करायचा, रेडिओ दुरुस्त करायचा, आणि कुठलंही काम सांगितलं की आधी "हो जायेगा" म्हणून मग काम काय आहे ते विचारायचा. त्यानं काकीच्या गादीखाली पत्र्याच्या दोन पट्ट्या आणि एक स्प्रिंग बसवली. काकी गादीवर बसली की पट्ट्या चिकटणार आणि दारावर हिरवा दिवा लागणार. उठली की लाल.

"काकी, बसून पाहा," मी म्हणालो.

काकी बसली. हिरवा. उठली. लाल. बसली. हिरवा. काकीला ते इतकं आवडलं की ती सात-आठ वेळा उठली-बसली. (तिचे गुडघे दुखतात असं आम्ही वीस वर्षं ऐकत होतो.)

आता नवं साधन म्हटलं की सुरुवातीला थोडं इकडंतिकडं व्हायचंच. गादीवर मांजर बसलं तरी हिरवा लागे, आणि लोक आत येऊन मांजरापुढं हात जोडून उभे राहत. लाल दिवा बघून एकानं हा नवीन दवाखाना समजून सासऱ्याला खाटेवर घालून आणलं. काकीनं सासऱ्याला ओळखलं, त्याच्या मुलीच्या सोयरिकीचं विचारलं, आणि म्हातारा उठून बसून बोलायला लागला. लाइट गेली की दोन्ही दिवे बंद, आणि लोक रस्त्यावर उभे राहून आपसांत वाद घालत की काकी आहे, नाही, की आणखी काही झालं. पण या सगळ्या किरकोळ बाबी होत्या. मी दिव्यांना शंभरपैकी ब्याण्णव गुण दिले आणि ते साधन कायम केलं.

मी इथं थांबायला हवं होतं. पण काकी हजर आहे हे कळणं म्हणजे अर्धंच काम. ती उत्तर द्यायला किती वेळ लावते हे कोण मोजणार? मी हायस्कुलातल्या जानराव मास्तरांकडून, पोरांच्या शर्यती मोजायचं ते चावीचं स्टॉपवॉच मागून आणलं आणि रविवारी दिवसभर ओसरीवर बसून राहिलो. कुणी प्रश्न विचारला की खटका दाबायचा. काकीनं उत्तर दिलं की पुन्हा दाबायचा.

दुपारपर्यंत काकीच्या ते ध्यानात आलं.

"काय करून राह्यला रे देवेंद्र? काय हाये ते हातात?"

"काकी, तुला उत्तराला किती वेळ लागतो ते मोजतोय."

मला वाटलं आता रागावणार. काकी मात्र तांदळाचं सूप बाजूला ठेवून पुढं सरकली.

"मंग? किती लागला?"

"अकरा सेकंद."

"मालेगावच्या धनीबाईले किती लागते?"

धनीबाई म्हणजे मालेगावकडे सोयरिकी जुळवणारी काकीची प्रतिस्पर्धी. दोघी एकमेकींचं नाव निघालं की फार गोड बोलत.

"तिचं कुठं मोजलंय?"

"मोजून पाह्य एखाद्या बारीनं," काकी म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "अकरा म्हनजे लय होते का रे?"

आणि इथं मी ती चूक केली. मी माझ्या नोंदी काढून तिला दाखवल्या. "काकी, तुझं उत्तर तयारच असतं. पण तू आधी उलटं विचारतेस ना, कोणता पोरगा, थोरला का धाकटा, त्यात सात सेकंद वाया जातात. मग थांबतेस, त्यात दोन. एवढं टाळलंस की दोन सेकंदांत काम!"

"अस्सं होय," काकी म्हणाली.

मी फॅक्टरीत आठवड्याची रजा टाकली आणि त्या दिवसापासून आमच्या ओसरीवर शर्यती सुरू झाल्या. सोमवारी काकी सहा सेकंदांवर आली, मंगळवारी चारांवर. बुधवारी लोक प्रश्न विचारत असतानाच ती तोंड उघडून तयार बसू लागली. प्रश्न संपला की ती आधी माझ्याकडे बघे, "किती?" मी आकडा सांगितला की चेहरा असा फुले की काय सांगू. शेजारच्या बायका बघायला येऊ लागल्या. मलाही खोटं कशाला बोला, फार आनंद होत होता. मी तक्ता करून भिंतीला लावला. अकरापासून दोनपर्यंत उतरत आलेली रेघ बघून मला वाटे, ते नागपूरचे टायवाले साहेब एकदा इथं यायला हवेत.

फक्त बेबी स्वयंपाकघरातून म्हणाली, "काकीले पुसू तं देत जा नीट. घाई कोनाची हाये?" पण ती तक्त्याकडे न बघता बोलत होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

आणि गुरुवारी मंगरूळपीरहून मिश्रीलालशेठ आले.

आता त्रिशलाचं सांगितलं पाहिजे. माझी बहीण तेवीस वर्षांची, बी.ए. झालेली, गावातल्या शाळेत शिकवते. अकोल्याला कॉलेजात असताना तिनं एक मुलगा पाहिला होता. पाहिला होता म्हणजे नुसताच पाहिला होता, आमच्याकडे त्याहून जास्त काही होत नाही. अभिनंदन त्याचं नाव. शेतकीचा पदवीधर, वडील नाहीत, मंगरूळपीरला मामांच्या घरी वाढलेला. ते मामा म्हणजे हे मिश्रीलालशेठ. अभिनंदननं मामांच्या मागं लागून लागून त्यांना आमच्याकडे विचारायला तयार केलं होतं, आणि त्रिशलानं बेबीला विश्वासात घेऊन हे सगळं सांगितलं होतं. बेबीनं ते मला सांगितलं. आणि मी ते काकीला सांगणार होतो, पण त्या आठवड्यात मला तक्त्यापुढं वेळ झाला नाही.

शेठ आले तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. हिरवा दिवा लागलेला होता. पांढरी टोपी, पांढरं धोतर, घरंदाज माणूस. चहा नको म्हणाले. सव्वाचारच्या गाडीनं निघायचं होतं. ते सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नसत, त्यामुळे घरी वेळेत पोचणं भाग होतं. आत दाराआड त्रिशला उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता आणि मधेच थांबत होता.

काकी गादीवर सावरून बसली. मी स्टॉपवॉच हातात घेतलं. शेठनी टोपी सारखी केली, खाकरले आणि सुरुवात केली, "काकी, आमच्या घरच्या पोरासाठी तुमच्या त्रिशलाचं..."

"नाई जमत!" काकी म्हणाली. "पोराच्या आईचं आन् त्रिशलाच्या आईचं गोत्र एकच हाये!"

खट. मी काट्याकडे पाहिलं आणि माझा माझ्यावर ताबा राहिला नाही.

"दीड सेकंद!" मी उडी मारून ओरडलो. "काकी, दीड! रेकॉर्ड मोडलं!"

ओसरीवर दुसरं कुणीच ओरडलं नाही. शेठ माझ्याकडे बघत होते. दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या, आणि मग स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पावलांचा आवाज आला.

शेठ उठले. "काकी, तुमचा शब्द म्हणजे शब्द. घरच्या पोरीसाठीबी तुमी खोटं बोलत नाही, हे मले ठाऊक हाये." मग माझ्याकडे वळून ते अगदी हळू म्हणाले, "पन भाऊ, तुमाले एवढा आनंद काहून झाला ते नाही समजलं." आणि पायरी उतरून ते स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

बेबी बाहेर आली. तिचा चेहरा मी लग्नानंतर दोनदाच तसा पाहिला आहे.

"काकी, कोन्या पोराचं सांगितलं तुमी?"

"मिश्रीलालच्या. जिनेंद्रचं. घरचं पोरगं म्हनजे तेच ना?"

"थे भाच्याचं पुसाले आले होते! अभिनंदनचं!"

काकी एकदम गादीवरून उठली. दाराबाहेर लाल दिवा लागला. "भाचा? अवो, भाच्याचं तं सगळंच जमते! भाचा म्हनले कुठं थे?"

"म्हनू देलं कुठं तुमी त्याइले?" बेबी म्हणाली. "अन् हे पाहा, उड्या मारून राह्यले!"

मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की त्रिशला आत रडत असेल या विचारानं माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. काकीनं मात्र एक शब्द वाया घालवला नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि पायरी उतरली. "चाल," ती म्हणाली. "सव्वाचार व्हाचे हायेत अजून."

सदुसष्ट वर्षांची काकी पुढं आणि मी मागं, असे आम्ही भर बाजारातून धावलो. (काकी धावली. मी धापा टाकल्या.) स्टँडवर पोचलो तेव्हा मंगरूळपीरची गाडी धूर सोडत होती आणि कंडक्टर उकंडराव घंटी मारायच्या बेतात होता. शेठ खिडकीपाशी बसून समोर बघत होते.

"उकंडराव, थांब रे!" काकी चढली. मीही चढलो.

"काकी, तुमी कोठी निंगाल्या?" उकंडराव म्हणाला. "तुमाले तं चातुर्मासात गाव सोडाचं नाई ना?"

हे मी विसरलोच होतो. चातुर्मासभर नाक्याच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, असं काकीचं व्रत होतं. मंदिरात महाराजांसमोर घेतलेलं.

"नाक्यालोक जातो," काकी म्हणाली. "नाका आला की उतरव मले. त्याच्या पुढं एक हात बी नाई." आणि ती शेठच्या पुढच्या बाकावर उलटं तोंड करून बसली.

गाडी निघाली. स्टँडपासून नाका म्हणजे जेमतेम मैल.

"मिश्रीलाल, माहं चुकलं," काकी म्हणाली. "म्या तुह्या पोराचं सांगितलं. तू भाच्याचं पुसत होता."

शेठनी टोपी मागं सारली. "काकी, तीस वर्षांत तुमी चुकल्या नाही."

"तीस वर्षं माह्यापुढं कोनी घड्याळ धरलं नव्हतं."

सगळी गाडी माझ्याकडे बघू लागली. स्टॉपवॉच माझ्या गळ्यात लोंबत होतं. मी ते शर्टात घातलं. तिथं ते टिकटिक करू लागलं.

मग काकीनं बोटं पुढं धरली आणि अगदी सावकाश, जुन्या पद्धतीनं सुरुवात केली. "कोनता भाचा? तुह्या मोठ्या बहिनीचा का लहान्या बहिनीचा?" लहान्या. "तिच्या सासूचं माहेर कुठचं?" वाशीमचं. एकेक घर, एकेक आजी, एकेक गोत्र ती बोटावर मोजत होती. मधेच थांबत होती, डोळे मिटत होती, पुन्हा पडताळत होती. मला तिचं ते थांबणं त्या दिवशी पहिल्यांदा इतकं सुंदर वाटलं. गाडीत आवाज बंद झाले. मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली, "पोरीच्या आजीचं राह्यलं, काकी!" काकीनं मान डोलावून तेही मोजलं. ड्रायव्हरसुद्धा ऐकत होता बहुतेक, कारण एक बैलगाडी आम्हांला मागं टाकून गेली.

"आठ," काकीनं शेवटचं बोट मिटलं. "आठांत एक बी सारखं नाई. जमते, मिश्रीलाल. लय चांगलं जमते."

शेठच्या चेहऱ्यावर हसू पसरलं आणि मला वाटलं, आत्ताच उडी मारून घरी जावं आणि त्रिशलाला सांगावं. माझी पोरीसारखी बहीण! तिला मी सायकल शिकवली होती, माझ्यामुळे ती दोनदा नालीत पडली होती, आणि आज मी तिला तिसऱ्यांदा पाडलं होतं. पण आता सगळं नीट झालं होतं. समोर नाका दिसू लागला होता.

"एक पुसाचं राह्यलं, काकी," शेठ म्हणाले. "रीत म्हनून पुसतो, राग नका मानू. पोरीच्या घरात कोनी येडं-बिडं तं नाही ना?"

हा प्रश्न आमच्यात प्रत्येक सोयरिकीत विचारतात आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. "छे, छे!" म्हणायचं आणि पुढं जायचं. काकीनं तोंड उघडलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं. आणि तोंड मिटलं.

मी वाट बघू लागलो. काकी खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं. पण यात खोटं बोलण्यासारखं काय होतं, ते मला कळेना. गाडी नाक्यापाशी येऊन थांबली. काकी माझ्याकडे बघतच होती, शांतपणे, माझ्या लहानपणापासूनचं सगळं एकेक करून आठवत असल्यासारखी.

"काकी, नाका," उकंडराव हळूच म्हणाला.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मागच्या बाकावरची बाई उठून उभी राहिली.

"काकी, नाही म्हण ना!" मी कुजबुजलो.

"हाये," काकी म्हणाली. शेठचा चेहरा उतरला. "एक हाये. पन ते घरान्यातून नाई आलं, मिश्रीलाल. त्याचा बाप शहाना होता, आई शहानी होती. हे त्याचं त्यानं केलं हाये."

शेठनी मला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं. "म्हनजे पोरीले लागत नाही?"

"नाई लागत. पोरगी सोनं हाये."

"मंग जमलं!" शेठ म्हणाले, आणि सगळ्या गाडीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बहिणीचं लग्न ठरलं म्हटल्यावर कोण वाजवणार नाही? मागच्या बाईनं बाजारातून घेतलेली साखर पुड्यातून काढून सगळ्यांना चिमूट चिमूट दिली.

काकी खाली उतरली. तिच्यामागून मी दारात आलो, तेव्हा उकंडरावनं माझा दंड घट्ट धरला आणि अगदी मायेनं म्हणाला, "हळू, भाऊ. पह्यले एक पाय टाका. तो टेकला म्हनजे मंग दुसरा."